चष्म्याचा नंबर हातात आहे, मग लेन्ससाठी वेगळी तपासणी कशाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. चष्म्याचा नंबर उजव्या डोळ्याला −५.५०, डाव्याला −४.७५ आणि त्यात सिलेंडर (एकाच दिशेतला जादा नंबर) −१.२५, ॲक्सिस (तो कुठल्या कोनात बसवायचा ते) १७०. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात हिशेबाचं काम, दिवसभर संगणक. दोन महिन्यांवर लग्न. दुकानात चष्म्याचा कागद दाखवून महिनाभर चालणाऱ्या साध्या लेन्स घेतल्या, उजवी −५.५०, डावी −५.२५. आता तीन आठवडे झाले, दुपारी तीननंतर डोळे लाल होतात, डाव्या डोळ्यानं अक्षरांना सावली दिसते आणि रात्री लेन्स काढली की पांढऱ्या भागावर गोल वळ दिसतो. घरचे म्हणतात, होईल सवय. तुम्ही विचारताय की नेत्रतज्ज्ञाकडे फिटिंग करून घेतल्यानं खरंच फरक पडतो का, ते नेमकं काय तपासतात, आणि लग्नाआधी हे सगळं उरकेल का.

सवय होईल, हे इथे लागू होत नाही. नव्या मऊ लेन्सला पहिले चार-सहा दिवस पापणीला काहीतरी लागल्यासारखं वाटतं, पाणी जरा जास्त येतं, आणि ते रोज थोडं थोडं कमी होत जातं. तुमचा त्रास रोज सकाळी नसतो आणि दुपारनंतर वाढतो, तीन आठवडे झाले तरी तसाच आहे. असा त्रास सवयीनं जात नाही. म्हणून आधी एवढं करा, या लेन्स आजपासून बंद करा आणि चष्म्यावर या. चष्म्यावर दोन दिवसांत लाली गेली नाही, किंवा दुखायला लागलं, उजेड सहन होईना, तर फिटिंगच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डोळा दाखवा.

आता मूळ मुद्दा. तुमच्या तक्रारीत तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत: लेन्सचा नंबर, लेन्सची बसण, आणि ज्या डोळ्यावर तिला दिवस काढायचाय त्या डोळ्याचा ओलावा. चष्म्याच्या कागदावर यातली फक्त पहिली असते, आणि तीसुद्धा जशीच्या तशी वापरता येत नाही.

नंबराचं गणित सगळ्यात सोपं. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिमी पुढे असते. लेन्स थेट कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बसते. मायनस नंबर डोळ्याच्या जवळ आला की कमी लागतो. चारच्या आतल्या नंबराला हा फरक पावापेक्षाही कमी असतो, तो सोडून देता येतो. चारच्या पुढे नाही. तुमचा −५.५० कॉर्नियावर −५.१६ होतो. लेन्स पावाच्या पायरीनं मिळतात, म्हणून उजव्याची सुरुवात −५.२५ पासून व्हायला हवी होती. तुम्हाला पाव नंबर जास्त दिला गेलाय. जास्तीच्या मायनसनं लांबचं अगदी ठसठशीत दिसतं, म्हणून घेताना बरं वाटतं. पण जवळचं बघताना डोळ्याला तेवढा जोर जास्त लावावा लागतो. त्यात, चष्म्यावरून लेन्सवर आलेल्या मायनस नंबरवाल्यांना जवळच्या कामाला तसाही थोडा जास्त जोर पडतो. आठ तास एक्सेलचे रकाने बघणाऱ्या माणसाला हा पाव नंबर संध्याकाळी कपाळात जाणवतो.

डाव्या डोळ्याचं वेगळं आहे. दुकानात सिलेंडरचा निम्मा भाग साध्या नंबरात मिळवलेला दिसतो: −४.७५ मध्ये −०.६२ मिळवले की −५.३७ होतात, त्याची −५.२५ दिली. अर्ध्या-पाऊण सिलेंडरपर्यंत ही युक्ती बऱ्याच लोकांना चालते. सव्वा सिलेंडरला अक्षरांच्या कडेची सावली राहतेच. तुम्हाला तिथे टोरिक, म्हणजे सिलेंडरचा नंबर असलेली लेन्स लागेल, आणि अंतर धरून गणित केलं तर −४.५०, सिलेंडर −१.२५, ॲक्सिस १७० ही सुरुवात येते. सुरुवात म्हणते, कारण हे कागदावरचे आकडे आहेत. नंबर किती जुना, तपासताना डोळा थकलेला होता का, यावर ते थोडे हलतात. फिटिंगच्या दिवशी नंबर नव्यानं काढतात तो यासाठी.

त्यानंतर स्लिट लॅम्प. हनुवटी टेकवून, कपाळ पट्टीला लावून बसायचं आणि उजेडाच्या बारीक चिरेत डोळा मोठा करून बघतात तो सूक्ष्मदर्शक. लेन्स डोळ्यावर चढायच्या आधी इथे जे दिसतं त्यावर निम्मा निर्णय होतो. मी आधी पापणीची कड बघते. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखे कण आहेत का, कडेवरच्या तेलाच्या बारीक ग्रंथींची तोंडं बुजलीत का. हे तेल अश्रूंवर साय धरावी तसं पसरतं आणि पाणी उडून जाऊ देत नाही. ते कमी पडलं की लेन्स कोरडी पडणारच, कितीही महाग घ्या. मग वरची पापणी उलटवून आतला भाग बघतात. दोन सेकंदांचं काम आहे, दुखत नाही, फक्त विचित्र वाटतं. तिथे बारीक फोड आलेले असतील तर ॲलर्जी किंवा लेन्सवर साचलेल्या थराची चिन्हं आहेत, आणि तीन आठवडे लेन्स वापरलेल्या डोळ्यात हे बघितलंच पाहिजे.

अश्रूंची तपासणी म्हणजे फ्लोरेसिन नावाच्या पिवळ्या-नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवायची आणि निळ्या उजेडात बघायचं. पूर्ण डोळा हिरवा चमकतो. पापणी मिटून उघडायची आणि मग न मिटता थांबायचं. त्या हिरव्या थरात पहिला काळा ठिपका कधी पडतो, तेवढे सेकंद मोजायचे. दहा किंवा जास्त आले तर चांगलं. पाच ते दहाच्या मध्ये असलं तर लेन्स जमते, पण मटेरियल आणि तास विचारानं ठरवावे लागतात. पाचच्या खाली असेल तर मी आधी पापण्यांचा शेक आणि थेंब यांवर तीन-चार आठवडे घालवते, लेन्स नंतर. याच रंगात कॉर्नियावरचे ओरखडेही दिसतात, आणि ते कुठे आहेत यावरून कारण कळतं. खालच्या भागात ठिपके असले तर कोरडेपणा किंवा अर्धवट पापणी मिटणं, दोन्ही डोळ्यांत कडेनं गोल पसरलेले असले तर बहुतेक वेळा लेन्सच्या सोल्युशनचा त्रास. शेवटचं लक्षात ठेवा, कारण सोल्युशन बदलून सुटणाऱ्या तक्रारीपायी लोक तीन-तीन कंपन्यांच्या लेन्स बदलत बसतात.

इथेच औषधांबद्दल विचारतील, खरं सांगा. लग्नाआधी मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या पुष्कळ मुली घेतात. त्या गोळ्यांनी डोळे चांगलेच कोरडे होतात. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांनीही होतात. थायरॉइड, मधुमेह असेल तर तेही सांगा. उन्हात आणि धुळीत वावरणाऱ्यांच्या डोळ्यात कोपऱ्यातून बुबुळावर मांस सरकलेलं असतं, ते उंचवट्याचं असेल तर लेन्सची कड त्यावर घासते. तेही याच टेबलावर कळतं.

मापं घेताना कॉर्नियाची वक्रता मोजतात. आकडा ४३.५० असा येतो, ३३७.५ ला त्यानं भागलं की त्रिज्या मिळते, इथे ७.७६ मिमी. मऊ लेन्स यापेक्षा चपटी असते, बहुतेकींचा बेस कर्व्ह, म्हणजे आतल्या बाजूच्या बाकाची त्रिज्या, ८.४ ते ८.८ च्या दरम्यान. बुबुळाची आडवी रुंदीही मोजतात, साधारण ११ ते १२.५ मिमी. लेन्स त्याहून सुमारे २ मिमी मोठी हवी, म्हणून बाजारातल्या बहुतेक लेन्स १४ ते १४.५ मिमीच्या असतात. वक्रता सारखी असलेल्या दोन डोळ्यांत एकाचं बुबुळ मोठं असेल तर त्याच लेन्सची बसण वेगळी येते. म्हणून मापांवरून पहिली ट्रायल लेन्स कोणती उचलायची एवढंच ठरतं. कॉर्निया खूप उभार, ४७-४८ च्या पुढे आला, किंवा यंत्रातल्या वर्तुळांची प्रतिमा वेडीवाकडी दिसली, नंबर दर सहा महिन्यांनी बदलतोय आणि डोळे चोळायची सवय आहे असं जुळलं, तर केराटोकोनसची, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची शंका घेऊन कॉर्नियाची टोपोग्राफी, म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा नकाशा करतात. तिथे साध्या लेन्सचा विषय संपतो. आधी तो आजार वाढतोय का आणि सीथ्रीआर, म्हणजे कॉर्निया मजबूत करायचा उपचार, करायला हवा का ते बघायचं, मग आरजीपी किंवा स्क्लेरल, म्हणजे कडक प्रकारच्या लेन्स, आणि त्यासाठी वेळ पडली तर हैदराबादच्या एल. व्ही. प्रसादसारख्या संस्थेपर्यंत जायचं. तुमच्या आकड्यांत तसं काही सुचत नाही, पण शंका यायची जागा ही आहे.

आता ट्रायल. ट्रायल लेन्स घातल्यावर मी पंधरा-वीस मिनिटं बाहेर बसवते. पहिल्या पाच मिनिटांत डोळ्यातून पाणी येत असतं, तेव्हा प्रत्येक लेन्स छान हलते. पाणी थांबल्यावर खरी बसण दिसते. स्लिट लॅम्पमध्ये बघायचं ते असं: लेन्स बुबुळाच्या मधोमध आहे का, चारी बाजूंनी बुबुळाच्या बाहेर मिलिमीटरभर आहे का, आणि पापणी मिटल्यावर किती सरकते. पाव ते अर्धा मिमी सरकली तर ठीक. मग खालच्या पापणीनं लेन्स हळूच वर ढकलायची. सहज वर जाऊन लगेच जागेवर आली तर बसण बरोबर. ढकलताना अडली, दाबून बसल्यासारखी वाटली, तर घट्ट. घसरून वरच राहिली तर सैल.

घरी ओळखायची खूण हीच, थोडी वेगळ्या रूपात. पापणी मिटल्या मिटल्या क्षणभर स्वच्छ आणि मग धूसर, असं होत असेल तर लेन्स घट्ट असण्याची शक्यता. मिटल्या मिटल्या धूसर आणि टक लावल्यावर स्वच्छ, तर सैल. तुमचा तो गोल वळ घट्ट लेन्सकडेच बोट दाखवतो. वळ अगदी फिका असेल आणि दहा मिनिटांत जात असेल तर काही मटेरियलमध्ये तो चालवून घेता येतो. तुमच्यासारखा लालीसोबत येत असेल तर नाही. घट्ट लेन्सखाली अश्रू खेळत नाहीत, कचरा तिथेच अडकतो, आणि कॉर्नियाला हवेतून मिळणारा प्राणवायू कमी पडतो.

मग सकाळी बरं आणि दुपारी वाईट का? याचं उत्तर सोलापूरच्या हवेत आहे. मऊ लेन्समध्ये पाणी असतं, मटेरियलप्रमाणे चोवीस टक्क्यांपासून सत्तरच्या पुढेपर्यंत. कोरड्या हवेत ते उडतं. पाणी गेलं की लेन्स आकसते आणि सकाळी बरोबर असलेली बसण घट्ट होते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार, डोक्यावर पंखा, समोर पडदा, आणि पडद्याकडे बघताना आपण पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतो. टॉवेल कारखान्याच्या हवेत सुताचे तंतू असतातच, ऑफिस वेगळं असलं तरी कपड्यांवरून येतात. ते कोरड्या लेन्सला चिकटतात. म्हणून जास्त पाण्याची लेन्स जास्त ओली राहते हा समज आपल्याकडे उलटा पडतो. मी अशा कामाच्या लोकांना कमी पाण्याची सिलिकॉन हायड्रोजेल सुचवते. १९९९ पासून बाजारात आलेल्या या मटेरियलमधून प्राणवायू पाण्यावाटे नाही, सिलिकॉनवाटे जातो, त्यामुळे पाणी कमी ठेवता येतं. काही डोळ्यांना ती जरा कडक वाटते. ते ट्रायलमध्येच कळतं.

टोरिक लेन्सचं आणखी एक पाऊल असतं. तिच्यावर बारीक खूण असते, बहुतेक ठिकाणी घड्याळात सहाच्या जागी. डोळ्यावर बसल्यावर ती खूण सहावर स्थिर राहिली पाहिजे. खूण तपासणाऱ्याच्या डावीकडे १० अंश गेली आणि तिथेच टिकली तर ॲक्सिसमध्ये १० मिळवतात, तुमच्या १७० ची १८० मागवतात. उजवीकडे गेली तर वजा, म्हणजे १६०. दर वेळी वेगळीकडे जात असेल तर ॲक्सिस बदलून उपयोग नाही, लेन्सचा प्रकारच बदलायचा. १० अंश फिरलेली लेन्स सिलेंडरचा साधारण तिसरा हिस्सा वाया घालवते, तुमच्या बाबतीत जवळपास अर्धा नंबर. टोरिक लेन्स नेटवरून नुसते आकडे टाकून मागवू नका म्हणते ते यासाठी. खूण कुठे थांबते हे तुम्हाला आरशात दिसत नाही.

रोज टाकून द्यायची घ्यावी की महिन्याची? परवडत असेल तर तुमच्यासाठी रोजची. तंतूंचा, सोल्युशनचा आणि डबीचा प्रश्न एकदम मिटतो. रोज घालणार नसाल, फक्त समारंभ आणि आठवड्यातून दोन दिवस, तर खर्चाचं गणितही रोजच्या लेन्सकडेच झुकतं. महिन्याची घेतलीत तर महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजायचा, किती वेळा घातली त्यावरून नाही. वर्षभर चालणाऱ्या लेन्स अजून विकल्या जातात. त्या मी देत नाही. वर्षभराचा थर रोज चोळूनही निघत नाही.

पाण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सोलापुरात हा मुद्दा पुण्या-मुंबईपेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, टाकीत, पिंपात साठतं. साठवलेल्या पाण्यात अकँथामिबा नावाचा सूक्ष्म जीव राहतो. त्याचं कवच इतकं चिवट असतं की नळाच्या पाण्यातला क्लोरीन त्याला पुरत नाही. लेन्समागून तो कॉर्नियात शिरला तर वेदना असह्य होतात आणि उपचार महिनोन् महिने चालतात. म्हणून लेन्सला आणि डबीला नळाचं, बोअरचं, फिल्टरचं, उकळलेलं, बाटलीबंद, कुठलंच पाणी लावायचं नाही. आंघोळ आधी, लेन्स नंतर. पोहताना नाही. डबी सोल्युशननंच धुवायची, उलटी करून हवेत वाळवायची, तीन महिन्यांत टाकून द्यायची. डबीतलं कालचं सोल्युशन ओतून टाकायचं, त्यात वरून भर घालायची नाही. बाटली उघडली की तारीख लिहा. लेबलवर वेगळं काही नसेल तर तीन महिन्यांनी उरलेलं फेका. ती बाटली स्कूटीच्या डिकीत उन्हात ठेवू नका.

लेन्स काढल्यावर तळहातावर ठेवून, सोल्युशनचे थेंब टाकून, बोटाच्या गरानं दोन्ही बाजू दहा-वीस सेकंद चोळा. बाटलीवर चोळायची गरज नाही असं लिहिलं असलं तरी चोळा. मग सोल्युशननं धुवून डबीत बाटलीवर लिहिलेले तास, साधारण चार ते सहा.

हात साध्या साबणानं धुवा, तेलकट किंवा मलईचा साबण नको. आणि हात नव्या टॉवेलला पुसू नका. आपला सोलापुरी टॉवेल कितीही उत्तम असला तरी पहिल्या दोन-चार धुण्यांत तो तंतू सोडतो, आणि ओल्या बोटाला लागलेला एक तंतू लेन्सखाली गेला की वाळूचा खडा वाटतो. जुना, धुऊन मऊ झालेला सुती रुमाल बरा. शेंगाचटणी-भाकरी जेवून उठलात तर एकदा हात धुऊन भागत नाही. तिखट तेलातून बोटांच्या रेषांत बसतं. दोनदा साबण लावा, आणि शक्य असेल तर लेन्स जेवणाआधीच काढा.

घालताना लेन्स बोटाच्या टोकावर ठेवून आडवी बघायची. कडा वाटीसारख्या सरळ वर गेल्या तर सुलटी, ताटलीसारख्या बाहेर वळल्या तर उलटी. वरची पापणी केसांच्या मुळाशी धरा, मधे धरली तर ती मिटतेच. क्लिनिकमध्ये तुम्ही स्वतः निदान दोनदा घालून काढून दाखवल्याशिवाय तिथून उठू नका. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज तास-दोन तास वाढवत दहा-बारापर्यंत. त्यापुढे नाही, आणि झोपताना कधीच नाही, दुपारच्या डुलकीलासुद्धा.

सगळ्यात जास्त वगळली जाणारी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची भेट आठवड्यानंतरची असते. ती सकाळी घेऊ नका. कारखान्यातून सुटल्यावर, लेन्स पाच-सहा तास डोळ्यात असताना, तशाच जा. क्लिनिकच्या गारव्यात वीस मिनिटांत जी लेन्स पाव मिमी हलत होती ती तुमच्या ऑफिसात दुपारभर राहून किती हलते, हे त्याच वेळी दिसतं. लेन्स घरी काढून, डोळे शांत करून आलेल्या माणसाच्या डोळ्यात बघायला काही उरत नाही. वेळ ठरवतानाच सांगा की संध्याकाळी लेन्स घालून येणार आहे. बहुतेक ठिकाणी फिटिंगच्या फीमध्ये ही भेट धरलेली असते. आधीच विचारून घ्या: फीमध्ये किती भेटी, ट्रायल लेन्सचे वेगळे पैसे आहेत का, आणि बसण जमली नाही तर न उघडलेली पाकिटं बदलून मिळतात का. मग महिन्यानं एकदा आणि पुढे सहा महिन्यांनी दाखवायचं.

लग्नाच्या वेळेचं बोलायचं तर दोन महिने पुरतात, पण शेवटच्या पंधरवड्यावर ढकललंत तर नाही पुरणार. पहिला आठवडा डोळ्यांना विश्रांती. दुसऱ्यात तपासणी आणि ट्रायल, साधारण तासदीड तासाचं काम. टोरिक लेन्स तुमच्या आकड्यांची जागेवर नसली तर मागवावी लागते, त्याला काही दिवस धरा. मग आठवड्याची भेट, आणि ॲक्सिस बदलावी लागली तर आणखी आठवडा. पापण्यांचा उपचार लागला तर त्याचे तीन-चार आठवडे वेगळे. लग्नाच्या आधी निदान तीन आठवडे तुम्ही त्याच लेन्स बिनतक्रार घालत असायला हव्यात. रंगीत लेन्स हव्या असतील तर लक्षात घ्या, रंगाच्या थरातून प्राणवायू कमी जातो, आणि तुमच्या सिलेंडरसकट त्या सहज मिळत नाहीत. फोटोंपुरते दोन-तीन तास ठीक, दिवसभर नाही, आणि त्यांचीही ट्रायल आधी.

लग्नाच्या दिवशी लेन्स मेकअपच्या आधी घाला आणि मेकअप पुसण्याच्या आधी काढा. हेअर स्प्रे मारताना डोळे मिटून ठेवा. काजळ पापणीच्या आतल्या कडेवर लावू देऊ नका, तिथेच त्या तेलाच्या ग्रंथी उघडतात. मेंदी काढायच्या दिवशी लेन्सला सुट्टी द्या: मेंदीत आणि नंतर हातावर चोळतात त्यात निलगिरीचं तेल असतं, ते बोटावरून लेन्सला लागलं तर डोळा तासभर उघडत नाही. नव्या लांब नखांनी लेन्स काढायची सवय आधी करून बघा. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता चेहऱ्यावर येतात, तेव्हा नजर खाली ठेवा. होमाच्या धुरात लेन्स झोंबायला लागली तर चोळू नका, लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब टाका. बहिणीच्या पर्समध्ये जादा लेन्सची जोडी, छोटी सोल्युशनची बाटली, डबी आणि चष्मा असू द्या.

कधीही, लग्नाच्या दिवशीसुद्धा, दुखणं, उजेड न सोसणं, एका डोळ्याची वाढती लाली, धूसर दिसणं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका यातलं काही आलं तर लेन्स तत्क्षणी काढायची आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवायचं. रात्र असेल तर सिव्हिल गाठा. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, जंतू कुठला ते त्यातून तपासता येतं. मेडिकलमधून आपल्या मनानं लाली घालवायचे थेंब आणू नका. त्यातल्या पुष्कळांत स्टेरॉइड असतं. लाली उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशीचा किंवा अकँथामिबाचा संसर्ग वाढत राहतो.

तपासणीला जाताना चष्मा आणि चष्म्याचा कागद, आत्ताच्या लेन्सची डबी, सोल्युशनची बाटली, लेन्सच्या पाकिटावर बेस कर्व्ह, व्यास, नंबर आणि मुदत छापलेली असते ती चकती, आणि चालू गोळ्यांची नावं घेऊन जा. डोळ्यात काजळ घालून जाऊ नका. त्या दिवशी फ्लोरेसिन टाकलं असेल तर रंग धुऊन निघेपर्यंत जुनी मऊ लेन्स डोळ्यात घालू नका, ती पिवळी होते. तासभर तरी चष्म्यावरच राहायची तयारी ठेवून जा.